अंगणाखालचे पेव



मागील अंकात नामांकन आणि वारसनोंद यांविषयी लिहिले होते. त्यावर आलेल्या पत्रांना पुढील वेळी उत्तरे देईन. या वेळी एका वाहनतळाची हकिकत सांगावयाची आहे. विषय रुक्ष वाटेल, परंतु आपल्यापैकी अनेक जण कोठे ना कोठे विश्वस्त आहेत, कोणी वसतिगृहाचे, कोणी गोशाळेचे, कोणी भवनाचे. आज ना उद्या त्यांच्यासमोर हे प्रकरण येणारच आहे. शिवाय यात माझ्या स्वतःच्या दोन चुका आहेत, आणि त्या मी इतरांच्या तोंडून फिरण्याआधी आपणच लिहिलेल्या बऱ्या.

सोलापूर जिल्ह्यातील आमच्या तालुक्याच्या गावी समाजाचे एक भवन आहे. खाली सभागृह, वर विद्यार्थिनींचे वसतिगृह, आणि पुढे १२० फूट लांब व ८० फूट रुंद असे आवार. सेवानिवृत्तीनंतर मी येथे कोषाध्यक्ष झालो. या आवारावर डांबर कधी पडले, हे कार्यालयातील कोणालाच नक्की आठवत नव्हते. त्याची चाळण झाली होती. पुढचा रस्ता नगरपालिकेने वेळोवेळी नव्या थराने उंच केला आणि आवार मात्र होते तेथेच राहिले. त्यामुळे पावसाचे पाणी रस्त्यावरून आत येई आणि थेट सभागृहाच्या पायरीशी तुंबे. आम्ही दरवर्षी पावसाळ्याआधी दोन ट्रॉली मुरूम टाकत होतो आणि दरवर्षी तो मुरूम चिखल होऊन वऱ्हाड्यांच्या चपलांबरोबर सभागृहात जात होता.

एका लग्नात संध्याकाळच्या वेळी आमच्या परिचयातील एक वयस्कर काकू याच आवारात खड्ड्यात पाय जाऊन पडल्या. मांडीचे हाड मोडले. त्यांनी संस्थेविरुद्ध चकार शब्द काढला नाही. उलट मी भेटावयास गेलो तेव्हा, ‘माझंच लक्ष नव्हतं हो भाऊ,’ असे म्हणाल्या. हे वाक्य मला कोणत्याही नोटिशीपेक्षा जड गेले. पुढच्या सभेत ठराव झाला.

आता पहिली चूक. नेमलेल्या अभियंत्याने अंदाजपत्रक दिले ते ८,४०,००० रुपयांचे. त्यावर १८ टक्के वस्तू व सेवा कर १,५१,२०० रुपये, म्हणजे एकूण ९,९१,२०० रुपये. याखेरीज त्याने दोन बाबी सुचविल्या होत्या. एक, आवारात तीन ठिकाणी चाचणी खड्डे घेऊन खालची माती पाहणे, खर्च ६,००० रुपये. दुसरी, अनपेक्षित खर्चासाठी दहा टक्के, म्हणजे ८४,००० रुपये बाजूला ठेवणे. मी पहिली बाब संपूर्ण कापली आणि दुसरी २०,००० वर आणली. ‘अंगणात मोटारी उभ्या करावयाच्या आहेत, धरण बांधावयाचे नाही,’ असे मी सभेत बोललो आणि सर्व जण हसले. बँकेत असताना हजारो प्रकल्प अहवाल तपासले. त्यात अनपेक्षित खर्चाची तरतूद नसली तर मीच लाल शाईने शेरा मारीत असे. परंतु स्वतःच्या संस्थेचा पैसा हाती आला की माणूस काटकसरीच्या मोहात पडतो आणि त्या मोहालाच शिस्त समजतो.

मला घाईही होती. प्राप्तिकराच्या सवलतीसाठी आपल्यासारख्या संस्थांनी वर्षाच्या उत्पन्नापैकी ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांवर खर्ची टाकावी लागते, हे विश्वस्त वाचकांना ठाऊक आहेच. आमची काही रक्कम शिल्लक होती आणि ३१ मार्चच्या आत काम उरकले म्हणजे हा हिशेब सुरळीत बसेल, असा माझा डाव होता. वस्तुतः विशिष्ट कामासाठी रक्कम पाच वर्षांपर्यंत राखून ठेवण्याची सोय कायद्यातच आहे. त्यासाठी नमुना क्रमांक १० मुदतीत भरावा लागतो, इतकेच. मला तो ठाऊक होता. तरीही मी कॅलेंडर पाहून काम ठरविले, जमीन पाहून नव्हे.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात काम सुरू झाले. उन्हाळ्यातच खोदकाम उरकावे, असा अध्यक्षांचाही आग्रह होता आणि त्यांचे कारण माझ्यापेक्षा सरस होते. पहिला पाऊस पडला की मातीत जीवजंतूंची रेलचेल होते. मग ती माती उकरणे आपल्या मनाला रुचत नाही. शिवाय आषाढात चातुर्मास प्रवेश. अनवाणी विहार करून येणाऱ्या साध्वीजींना या आवारातील उघड्या पडलेल्या खडीवरून चालताना आम्ही दरवर्षी पाहत होतो आणि दरवर्षी मान खाली घालत होतो.

तिसऱ्या दिवशी दुपारी मला दूरध्वनी आला, ‘साहेब, रोलर रुतलाय. लवकर या.’

जाऊन पाहतो तो रोलरचे पुढचे चाक एका बाजूने कलले होते आणि त्याच्याजवळ जमिनीत परातीएवढे भोक पडले होते. भोकाच्या कडेला दगडी फरशीचा तुकडा दिसत होता. आतून गार हवा येत होती आणि तिला आंबूस वास होता. कोणी म्हणाले आड असेल, कोणी म्हणाले जुना शौचकूप. ठेकेदाराच्या हाताखालचा एक अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा कमरेला दोर बांधून ‘खोली बघून येतो’ म्हणून कडेला बसलासुद्धा. तेवढ्यात आमचे पहारेकरी, सत्तरी उलटलेले गृहस्थ, फाटकापासून ओरडत धावत आले. ‘लेकरा, मागं हो! पेव हाय ते! पेवात असं उतरत न्हाईत!’

नव्या पिढीतील वाचकांसाठी सांगतो. पेव म्हणजे धान्य साठविण्याचे जमिनीखालचे कोठार. तोंड अरुंद, जेमतेम माणूस शिरेल एवढे, आणि पोट रुंद, साधारण रांजणाच्या आकाराचे. आतून कडबा, भुसा लावून ज्वारी भरीत, तोंडावर फरशी ठेवून माती लिंपीत. कोरड्या, घट्ट जमिनीत धान्य वर्षानुवर्षे टिके. आपल्या ज्वारीच्या पट्ट्यात, गावठाणाच्या पांढरीत, अशी पेवे पुष्कळ होती. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे तर प्रसिद्धच आहेत. २००५ च्या महापुरात त्यांत पाणी शिरून मोठे नुकसान झाले, ते अनेकांना आठवत असेल. आपल्या आजोबा-पणजोबांच्या व्यापाराचा अर्धा जीव या खड्ड्यांत असे.

पण पेवात हवा कोंडते. साठलेले धान्य, कुजका कडबा यांनी आतला प्राणवायू संपतो आणि हवेहून जड असा कार्बन डायऑक्साइड तळाशी बसतो. घाईने उतरलेली माणसे आतच राहिल्याच्या आणि त्यांना काढावयास गेलेलीही परत न आल्याच्या कहाण्या जुन्या लोकांनी ऐकलेल्या असतात. पहारेकऱ्यांच्या लहानपणी पेव उघडले की दिवसभर तसेच ठेवीत आणि आधी कंदील सोडून पाहत. त्यांनी त्या दिवशीही वसतिगृहातील जुना कंदील आणून दोरीने आत सोडला. सात-आठ फुटांवर ज्योत विझली. तो मुलगा ते पाहत उभा होता. कोणी काही बोलले नाही. त्याने कमरेचा दोर सोडला आणि नळाकडे जाऊन बराच वेळ तोंड धुतले.

मी येथे थोडे थांबतो. त्या दिवशी पहारेकरी सुट्टीवर असते तर हा लेख मी लिहिला नसता. संस्थेने ठेकेदाराशी केलेल्या करारात मजुरांच्या विम्याचे कलम होते. ते मीच घातले होते आणि त्याचा मला अभिमान होता. पण त्याची विमापत्राची प्रत ठेकेदाराकडून मागून घेतली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली गोष्ट मी ती मागितली. ती मुदत संपलेली निघाली. नवे विमापत्र हातात येईपर्यंत पाच दिवस काम बंद ठेवले. करारातील कलम म्हणजे विमा नव्हे, एवढे तरी मला ठाऊक असावयास हवे होते.

दुसरी चूक त्याच रात्री कळली. भवनाची जागा एका धान्य व्यापारी घराण्याने स्वातंत्र्यापूर्वी समाजाला दिली. मूळ दानपत्र मोडीत आहे. त्याचे देवनागरी लिप्यंतर कार्यालयाच्या कपाटात व्यवस्थित लावलेले होते. रात्री ते घरी नेऊन वाचले. दुसऱ्या पानावर चतुःसीमेनंतर स्पष्ट लिहिले आहे : वखार, कडुनिंबाचे झाड एक, व पेवे दोन. आयुष्यभर लोकांचे दस्तऐवज वाचून कर्जे मंजूर केलेल्या माणसाने स्वतःच्या संस्थेचे दानपत्र कधी वाचले नव्हते.

पेवे दोन! म्हणजे आणखी एक कोठे तरी होते.

मग सात दिवस शोध चालला. पहारेकरी आणि ठेकेदार यांनी पुढच्या भागात दर तीन फुटांवर पहार ठोकून आवाज ऐकला. दुसरे पेव कडुनिंबाजवळ सापडले. ते पूर्वीच कोणी विटांचे तुकडे आणि राडारोडा टाकून भरलेले होते. पहिल्याचे तोंड यंत्राने दूर उभे राहून मोठे केले, कडा तोडून पोट उघडे पाडले आणि मग खाली मोठे दगड, वर मुरूम, असे नऊ-नऊ इंचांचे थर पाणी मारून दाबत वर आणले. नुसता मुरूम वरून ओतून पेव भरले असते तर आतील रुंद पोटाच्या कडेला पोकळी राहिली असती आणि दोन वर्षांनी तेथे एखादी मोटार टेकली असती. हे अभियंत्याने सांगितले आणि या वेळी मी त्याच्या कागदावर लाल शाई चालविली नाही.

एवढ्यात मागच्या भागाने डोके वर काढले. आमचे आवार नेमके पांढरी आणि काळी यांच्या सीमेवर आहे. पुढे गावठाणाची पांढरी, मागे पूर्वीचे शेत. मागच्या सुमारे ४,००० चौरस फुटांवरचे डांबर निघाल्यावर खाली काळी कापसाची जमीन दिसली, हात जाईल एवढ्या भेगांसह. ही माती पावसात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. तिच्यावर थेट काहीही बसविले तरी ती ते उचलून टाकते. मुंबईच्या आयआयटीतील प्रा. आर. के. कट्टी यांनी अशा जमिनीवर न फुगणाऱ्या, पण चिकटून राहणाऱ्या मातीचा दाबलेला थर देण्याची पद्धत विकसित केली. कालव्यांच्या कामांत ती वापरली गेली आहे. आमच्या अंगणाला तेवढा थाट परवडणारा नव्हता, पण दीड फूट काळी माती काढून तेथे चांगला मुरूम दाबून भरणे अटळ होते. म्हणजे ६,००० घनफूट, साठ ब्रास माती बाहेर आणि दाबल्यावर बसणारा भाग धरून त्याहून अधिक मुरूम आत. ६,००० रुपयांच्या चाचणी खड्ड्यांनी हे पहिल्याच दिवशी सांगितले असते.

पेव आणि काळी मिळून वाढीव खर्च २,२५,००० आणि त्यावर कर ४०,५०० : एकूण २,६५,५००. हाती तरतूद २०,०००. तूट २,४५,५०० रुपये.

या ठिकाणी मी जे केले ते लिहिताना अजूनही संकोच वाटतो. वसतिगृहातील मुलींच्या शिष्यवृत्ती निधीची एक मुदतठेव त्याच महिन्यात परिपक्व होत होती. सायंकाळी कार्यालयात बसून मी दिवाणजींना म्हणालो, ‘ती ठेव महिन्या-दोन महिन्यांसाठी इमारत खात्याकडे वळती करू. लग्नसराईचे उत्पन्न आले की परत.’ दिवाणजी संस्थेत माझ्या आधीपासून आहेत. ते उठले, कपाटातून एक आंतर्देशीय पत्र काढून माझ्यासमोर ठेवले आणि चहा सांगावयास बाहेर गेले. पत्र निधी देणाऱ्या बाईंचे होते. विधवा होत्या, शिवणकाम करून पैसे साठविले होते. दोनच ओळी : ही रक्कम मुलींच्या शिक्षणाखेरीज दुसऱ्या कशालाही लावू नये, उसनीही देऊ नये.

उसनीही. हा शब्द त्यांना कसा सुचला असेल? कोणत्या तरी घरात, कोणत्या तरी खात्यातून, कोणी तरी ‘महिन्या-दोन महिन्यांसाठी’ काही नेलेले त्यांनी पाहिले असावे.

चहा आला. दिवाणजी म्हणाले, ‘साहेब, ठेवीचं नूतनीकरण करायचं ना?’ मी मान हलविली. त्या विषयावर आमचे पुन्हा कधी बोलणे झाले नाही.

बँकेकडून कर्ज काढावे, असे एका तरुण विश्वस्तांनी सुचविले. त्यांना सांगितले की महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० प्रमाणे संस्थेसाठी कर्ज घेण्यापूर्वी धर्मादाय आयुक्तांची मंजुरी घ्यावी लागते आणि अडीच लाखांसाठी तो मार्ग आपल्याला पावसाळ्यापलीकडे नेईल. एका दानशूर गृहस्थांनी संपूर्ण रक्कम देऊ केली. पण ती रोख, आणि प्रवेशद्वारावर संपूर्ण आवाराला त्यांच्या वडिलांचे नाव. २,००० रुपयांवरील रोख देणगीला ८०-जीची सवलत मिळत नाही, हे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांना सवलत नकोच होती. तेव्हा मला ती रोख रक्कम अधिकच नको झाली. ते काही काळ नाराज होते. भेटले की जय जिनेंद्र करतात, पूर्वीइतक्या मोठ्याने नाही.

अखेर मार्ग अध्यक्षांनी काढला आणि तो इतका साधा होता की मला आधी सुचला नाही, याचे नवल वाटते. काम दोन टप्प्यांत करावे. मागची काळी आताच काढून मुरूम भरून दाबून घ्यावा, पण त्यावर या वर्षी ठोकळे बसवू नयेत. तेथील ठोकळ्यांची रक्कम वाचते, तीतून मुरुमाचे पैसे द्यावेत. पुढचा भाग पूर्ण करावा. मागचे ठोकळे दिवाळीनंतर, लग्नसराईच्या उत्पन्नातून. अभियंत्याला हा विचार पसंत पडला. भरलेल्या मुरुमाने एक पावसाळा खाल्ला तर तो जेथे बसावयाचा तेथे बसतो. ३१ मार्चपर्यंत जेवढे झाले तेवढे त्या वर्षी लिहिले, शिल्लक रकमेसाठी नमुना १० भरला. माझ्या घाईला तेवढेच उत्तर पुरेसे होते.

ठोकळ्यांविषयी दोन शब्द, कारण वाचक नेमके येथेच फसतात. बाजारात सर्वच ठोकळे सारखे दिसतात. भारतीय मानक १५६५८ मध्ये हलक्या वाहतुकीसाठी ६० मिलिमीटर जाडीचा एम-३५ प्रतीचा ठोकळा आहे आणि मध्यम वाहतुकीसाठी ८० मिलिमीटरचा एम-४०. आपल्या भवनात केवळ मोटारी येत नाहीत. आचाऱ्याचा टेम्पो येतो, पाण्याचा टँकर येतो. म्हणून फाटकापासून स्वयंपाकघरापर्यंतच्या वाटेवर ८०चे आणि बाकी ठिकाणी ६०चे घातले. गाडी उतरली तेव्हा मी स्वतः पट्टी घेऊन दहा ठोकळे मोजले. ठेकेदार हसला, पण पुढच्या गाडीच्या वेळी त्याने पट्टी आधीच काढून ठेवली होती. कडेला काँक्रीटची कर्ब असावीच. ती नसेल तर ओळी हळूहळू सुटत जातात. उतार पन्नासात एक ठेवला, म्हणजे ८० फुटांच्या रुंदीत सुमारे १९ इंच, आणि तो सभागृहाकडून नाल्याकडे. एवढ्या आवारावर १० मिलिमीटर पाऊस पडला तरी जवळजवळ ८,९०० लिटर पाणी होते. त्याला जाण्यास वाट न दिली तर ते आपली वाट स्वतः करते. फाटकापासून पायरीपर्यंत चार फुटांची शहाबादी फरशीची पट्टी ठेवली आहे, अनवाणी चालणाऱ्यांसाठी आणि काठी टेकणाऱ्यांसाठी. दुपारच्या उन्हात तीही तापतेच. तेथे तागाची पोती भिजवून न टाकता कोरडी चटई अंथरण्याची व्यवस्था वसतिगृहातील मुलींनी आपणहून घेतली.

एप्रिलच्या अखेरीस पुढचा भाग झाला. लग्नाच्या दोन तारखा आम्हाला पुढे ढकलता आल्या नाहीत. त्या दिवसांसाठी शेजारच्या बंद जिनिंगचे आवार मागून घेतले आणि दोन्ही यजमानांना अर्धे भाडे परत केले. सभेत यावरही कुरकुर झाली.

जूनमध्ये दोन मोठे पाऊस झाले आणि पहिल्या पेवाच्या जागी पंधरा-वीस ठोकळे इंचभर खाली बसले. ठेकेदाराची पाच टक्के अनामत, ४२,००० रुपये, आमच्याकडे होती. ती जप्त करावी, असे सभेत तीन जणांचे मत पडले. मी विरोध केला. पेव त्याने खणले नव्हते आणि ते आहे हे सांगणारा कागद आमच्या कपाटात होता. ठेकेदाराला बोलावले. ठोकळ्यांचा हा एक गुण चांगला, डांबरासारखे फोडावे लागत नाही. त्याने दोन माणसांकरवी ते उचलले, खाली मुरूम व कच भरून दाबली आणि अर्ध्या दिवसात पुन्हा बसविले. पैसे मागितले नाहीत. उचलणाऱ्या दोघांत तोच मुलगा होता. अनामत त्याला वर्षाअखेरीस ठरल्याप्रमाणे परत केली.

दिवाळीनंतर मागचा भागही पूर्ण झाला. अभियंत्याकडून आवाराचा नवा नकाशा काढून घेतला. त्यावर लाल शाईने दोन वर्तुळे आहेत, फाटक आणि कडुनिंब यांपासूनची अंतरे फुटांत लिहिलेली. एक प्रत दानपत्राच्या लिप्यंतरासोबत कपाटात, एक अभियंत्याकडे आणि एक पहारेकऱ्यांच्या खोलीत भिंतीवर. तिसरी प्रत त्यांनी मागून घेतली. वाचता येत नाही, पण वर्तुळे कशाची आहेत हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला बोट ठेवून सांगतात.

काकू आता काठी घेऊन चालतात. पर्युषणात व्याख्यानाला आल्या, फरशीच्या पट्टीवरून सावकाश पायरीपर्यंत गेल्या आणि मागे वळून मला विचारले, ‘भाऊ, एवढे खणलेत, पेवात काही सापडलं का?’ मी म्हणालो, ‘मूठभर काळी पडलेली ज्वारी.’ त्यांना ती पाहावयाची होती. दिवाणजींनी एका काचेच्या बरणीत ठेवली आहे, ती आणून दाखविली.